खिशातल्या खड्यांचे रिंगण

दरवर्षी २१ जूनच्या सुमारास, वर्षातली सर्वांत लहान रात्र सरत आली म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण भागातील सॉल्झबरीच्या माळावर हजारो माणसे ईशान्येकडे डोळे लावून उभी असतात. त्यांच्या भोवती प्रचंड शिळांचे एक मोडके रिंगण असते. तेच स्टोनहेंज. गर्दीत काही मंडळी पांढरे पायघोळ झगे घालून, डोक्याला पानांच्या माळा गुंडाळून आलेली असतात. सूर्याची कोर क्षितिजावर दिसली की शिंगे वाजतात, हात वर होतात, मंत्रासारखे काही म्हटले जाते. ही झगेवाली मंडळी स्वतःला ‘ड्रुइड’ म्हणवतात. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी गॉल आणि ब्रिटन या देशांत जे लोक राहत, ज्यांना आपण आज केल्ट म्हणतो, त्यांचे पुरोहित, न्यायाधीश आणि गुरू म्हणजे ड्रुइड.

हे दृश्य मी चित्रांतच पाहिले आहे. ते पाहून कोणालाही वाटेल की आपल्याकडे पंढरीची वारी चालत आली, तशी ही वहिवाट हजारो वर्षे अखंड चालत आली असावी. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या शिळा ड्रुइडांनी उभारलेल्या नाहीत. ते झगे, त्या माळा, ते विधी यांचे वय दोन-अडीचशे वर्षांच्या पलीकडे जात नाही. आणि या साऱ्या थाटाचा बराचसा भाग वेल्समधल्या एका पाथरवटाच्या डोक्यातून निघाला आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. दिवसा मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. दिवसा पुरावा, रात्री कल्पना. या दोन्ही सवती ज्याच्या घरात नांदतात, त्याला ड्रुइडांची ही कथा वाचल्यावर स्वस्थ झोप लागणे कठीण! ती आज वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रथम जुन्या, खऱ्या ड्रुइडांविषयी. त्यांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. जे कळते ते बहुतांशी परक्यांकडून, आणि त्यातही शत्रूंकडून. इ. स. पूर्व पहिल्या शतकात ज्यूलियस सीझरने गॉल देश जिंकला. त्या मोहिमेच्या वृत्तान्ताच्या सहाव्या भागात त्याने ड्रुइडांचे वर्णन केले आहे. तो म्हणतो की हे लोक यज्ञबलींची व्यवस्था पाहतात, तंटे तोडतात, आणि त्यांचा निवाडा जो मानणार नाही त्याला वाळीत टाकतात. त्यांना लढाईची आणि कराची माफी आहे. म्हणून पुष्कळ तरुण त्यांच्याकडे शिकायला जातात. काही जण वीस वीस वर्षे शिकत राहतात. विद्या सगळी तोंडपाठ, कारण ती लिहून ठेवणे त्यांना अधर्म वाटतो. इतर व्यवहारात मात्र ते ग्रीक अक्षरे वापरतात. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्या देहात जातो, अशी त्यांची शिकवण आहे.

हे वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आपली वेदपाठशाळा उभी राहणारच. पण त्याच सीझरने माणसांचे बळी देण्याच्या भयंकर हकिकतीही लिहिल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. जिंकणाऱ्याला हरलेल्याचा धर्म क्रूर दाखवण्यात फायदा असतो हे खरे. परंतु फायदा असतो म्हणून प्रत्येक शब्द खोटाच असतो असेही नाही.

पुढच्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने ती प्रसिद्ध हकिकत लिहिली, जिच्यावर आजचे अर्धे ड्रुइड जगतात. ओकच्या झाडावर क्वचित मिसलटो नावाचे बांडगूळ वाढते. चांद्रमासाच्या षष्ठीला पांढरा वेष केलेला पुरोहित झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने ते बांडगूळ कापतो, खाली पांढऱ्या वस्त्रात झेलतात आणि दोन पांढरे बैल बळी देतात. पांढरा झगा आला तो येथून.

शेवट टॅसिटसने सांगितला आहे. इ. स. ६० किंवा ६१ साली स्वेटोनियस पॉलिनस हा रोमन सुभेदार वेल्सच्या वायव्येकडील मोना बेटावर चालून गेला. हेच आजचे अँगलसी. पलीकडच्या काठावर हत्यारबंद लोक उभे होते. काळे कपडे घातलेल्या, केस मोकळे सोडलेल्या बायका पलिते घेऊन त्यांच्यामधून धावत होत्या. ड्रुइड आकाशाकडे हात करून शाप देत होते. रोमन शिपाई क्षणभर जागच्या जागी थिजले. मग ते पुढे सरले, आणि देवराया तोडल्या गेल्या.

याच बेटावर १९४२-४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, लष्करी विमानतळ बांधण्याचे काम चालले होते. लिन केरिग बाख नावाच्या तळ्याकाठची दलदलीची माती उपसून पसरली जात होती. तिच्यातून एक लोखंडी साखळी निघाली. चिखलात रुतलेल्या मालमोटारी ओढून काढायला कामगारांनी ती ट्रॅक्टरला बांधली, आणि तिने ते काम चोख केले. पुढे संशोधक आले तेव्हा कळले की साखळी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यातल्या कड्या कैद्यांच्या वा गुलामांच्या गळ्यात अडकवण्यासाठी आहेत. तलवारी, भाले, रथांचे भाग अशा दीडशेहून अधिक वस्तू त्या मातीत सापडल्या. त्या देवाला वाहून तळ्यात सोडलेल्या असाव्यात असे मानतात. स्टोनहेंजपाशी पहाटे जी शांत, हिरवी, फुलापानांची ड्रुइडविद्या दिसते तिच्यात ही साखळी कोठे बसत नाही. खरा भूतकाळ असाच असतो. त्यातले सगळेच आपल्याला पाहिजे तसे नसते.

*

येथे आपला संबंध कोठे येतो ते सांगतो, कारण तो येतो.

‘ड्रुइड’ या शब्दातला शेवटचा भाग जाणणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. तोच आपला ‘विद्’, ज्यापासून ‘वेद’ आणि ‘विद्या’ हे शब्द झाले. पहिला भाग ओक किंवा वृक्ष या अर्थाचा मानतात, आणि संस्कृतात ‘द्रु’ म्हणजे झाडच. भाषांचे हे भावंडपण १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी बोलून दाखवले, आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या कुळात केल्टिकही असावी असे सुचवले. या जोन्ससाहेबांचे वडील, वर्तुळाच्या गुणोत्तराला ‘पाय’ हे चिन्ह देणारे गणिती, त्याच अँगलसी बेटावरचे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. फ्रान्समध्ये कोलिन्यी या गावी १८९७ साली एका ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे सापडले. ते जुळवल्यावर गॉल भाषेतले पाच वर्षांचे पंचांग निघाले. साठ महिने आणि वर दोन अधिक मास, मिळून बासष्ट. प्रत्येक महिन्याचे दोन पक्ष. महिन्यांवर चांगले आणि वाईट अशा खुणा. आपल्या वेदांग ज्योतिषातही पाच वर्षांचे युग आहे आणि त्याचे चांद्रमास बासष्टच आहेत. दिवाळीच्या दिवसांत पंचांग हाताशी असणाऱ्या वाचकाला हे वाचून आनंद होईल. मलाही झाला.

पण आनंदाच्या भरात पाय घसरतो तो येथेच. रूबेन बरो नावाचा एक इंग्रज गणिती कलकत्त्यास होता. ब्रिटनचे ड्रुइड हे ब्राह्मणच होते यात तिळमात्र शंका नाही, असे त्याने १७९० साली छापून टाकले. स्टोनहेंजला तर त्याने बुद्धाचे देऊळ ठरवले. पुढे १८२९ साली गॉडफ्रे हिगिन्स याने ड्रुइड हिंदुस्थानातून आले हे सिद्ध करण्यासाठी एक जाडजूड ग्रंथच लिहिला. आपली पाठ थोपटणारा परका माणूस भेटला की आपण त्याच्याकडे पुरावा मागत नाही. परंतु शब्दांचे कूळ एक असले म्हणजे पुरोहितांचा वंश एक होत नाही. आणि चंद्र-सूर्याचा मेळ बसवायला निघालेला कोणताही माणूस पाच वर्षांत दोन अधिक मास घातल्याशिवाय घरी परतत नाही. तो हिशेब आकाशाचा आहे, कोणा एका जमातीचा नाही.

*

आता मेलेले ड्रुइड पुन्हा उठले कसे ते पाहू. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या जिज्ञासू गृहस्थाने असे अनुमान काढले की स्टोनहेंजसारखी शिळावर्तुळे ही ड्रुइडांची देवळे असावीत. त्याच्या काळी हे अनुमान वाईट नव्हते, कारण रोमनांपूर्वीचे पुरोहित म्हणून दुसरे कोणाचे नावच ठाऊक नव्हते. १७४० साली विल्यम स्टकली या पाद्र्याने त्यावर ग्रंथ लिहून अनुमानाची श्रद्धा करून टाकली. आज आपण जाणतो की स्टोनहेंजची सुरुवात इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास झाली, मोठ्या शिळा इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या, आणि ड्रुइडांचे नाव कागदावर येते ते त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. पण चित्र एकदा मनात बसले की बसले.

या हवेत १७४७ साली वेल्सच्या ग्लॅमॉर्गन परगण्यात एडवर्ड विल्यम्स जन्मला. बाप पाथरवट. थडग्यांच्या दगडांवर बाप अक्षरे कोरताना पाहून आपण वाचायला शिकलो असे तो सांगे. त्यानेही तोच धंदा धरला. दम्याचा विकार होता, म्हणून अफूचा अर्क घेई, आणि ही सवय आयुष्यभर सुटली नाही. आडवे पडले की श्वास कोंडे, त्यामुळे रात्री खुर्चीत बसून झोपे. गावोगाव पायी हिंडून जुनी वेल्श बाडे शोधी आणि उतरून घेई. गुलामांच्या व्यापाराचा त्याला इतका संताप होता की काउब्रिजमधल्या आपल्या दुकानात तो वेस्ट इंडीजची साखर ठेवीत नसे. माणसाच्या रक्ताने न विटाळलेली हिंदुस्थानची साखर येथे मिळेल, अशी जाहिरात करी. जुन्या वेल्श काव्याचे त्याच्याइतके ज्ञान त्या काळी फारच थोड्यांना होते.

असा हा विद्वान, कष्टाळू, दयाळू माणूस पहिल्या प्रतीचा बनावट लेखक होता! त्याने टोपणनाव घेतले योलो मॉर्गान्वग. चौदाव्या शतकातला थोर वेल्श कवी डाव्हिथ अप ग्विलिम याच्या कवितांचा संग्रह १७८९ साली लंडनमध्ये छापला गेला. त्याला योलोने आपल्याला सापडलेल्या म्हणून काही कविता पुरवल्या. त्या त्याच्या स्वतःच्या होत्या, आणि इतक्या सुंदर होत्या की पिढ्यान्‌पिढ्या रसिक त्यांनाच त्या कवीच्या उत्तम कविता समजत राहिले. लाकडावर कोरायची एक ‘प्राचीन’ लिपी त्याने तयार केली. ड्रुइडांची वचने, त्यांचे तत्त्वज्ञान, त्यांच्या पदव्या, सर्व काही त्याच्या बाडांतून निघू लागले. इंग्लंडभर आणि फ्रान्सभर ड्रुइडविद्या नष्ट झाली, पण आमच्या ग्लॅमॉर्गनात ती गुरुशिष्यपरंपरेने चालत आली आणि तिचा शेवटचा वारस मी, असे तो सांगे.

२१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने थोड्या वेल्श मंडळींना जमवून ‘गोर्सेध’ भरवला. गोर्सेध म्हणजे कवींची सभा. १८१९ साली कार्मार्थन गावी साहित्यसंमेलन भरले. त्याला वेल्श भाषेत आइस्टेध्वॉद म्हणतात. तेथे एका खाणावळीच्या बागेत म्हाताऱ्या योलोने खिशातून मूठभर खडे काढले, जमिनीवर त्यांचे रिंगण मांडले आणि त्यात उभे राहून कवींना दीक्षा दिली. त्या दिवसापासून ते रिंगण आइस्टेध्वॉदला चिकटले ते आजतागायत. पुढे ज्या गावी संमेलन भरे तेथे मोठमोठ्या शिळांचे रिंगण उभारू लागले. अलीकडे, २००५ पासून, या शिळा प्लॅस्टिकच्या केल्या आहेत, गावोगाव नेण्यास सोप्या. खिशातल्या खड्यांचा मूळ गुण त्यांनी राखला म्हणायचा!

या गोर्सेधचे ब्रीद आहे ‘जगाविरुद्ध सत्य’. तेही योलोनेच दिले.

जॉन मॉरिस-जोन्स या पंडिताने १८९६ साली गोर्सेध प्राचीन नाही असे स्पष्ट लिहिले. १९२६ साली जी. जे. विल्यम्स या संशोधकाने डाव्हिथच्या नावावरच्या त्या कविता योलोच्या असल्याचे दाखवून दिले. तोतयाचे सोंग उघडे पडले. पण नुकसान होऊन गेले होते. शंभराहून अधिक वर्षे वेल्श विद्वत्ता खरे-खोटे निवडण्यात खपली. योलोने हाताळलेले प्रत्येक बाड संशयित झाले, त्यात त्याने प्रामाणिकपणे उतरलेली खरी बाडेही आली. मीही जुन्या काळातली माणसे कल्पनेने उभी करतो आणि त्यांच्या तोंडी भाषणे घालतो. पण माझ्या पुस्तकावर ‘कादंबरी’ असे छापलेले असते. योलोने तो एक शब्द लिहिला असता, तर वेल्सला एक मोठा कवी मिळाला असता आणि एक लबाड कमी झाला असता.

*

कथा येथे संपली असती तर मी ती सांगितलीच नसती.

वेल्समधल्या ल्लान्ट्रिसन्ट गावी विल्यम प्राइस नावाचे वैद्य राहत. जन्म १८०० सालचा. अंगावर हिरवे कपडे, डोक्यावर कोल्ह्याचे कातडे, आणि आपण ड्रुइडांचे वारस ही पक्की समजूत. उतारवयात त्यांना मुलगा झाला. १८८४ च्या जानेवारीत पाच महिन्यांचा तो जीव गेला. रविवारी संध्याकाळी म्हाताऱ्याने टेकडीवर चिता रचली आणि मुलाला अग्नी दिला. प्रार्थना आटोपून निघालेल्या लोकांनी ज्वाळा पाहिल्या. जमाव धावून आला, पोलिसांनी अर्धवट जळलेला देह काढून घेतला, खटला उभा राहिला. ख्रिस्ती देशात प्रेत जाळणे म्हणजे घोर विटंबना!

कार्डिफला न्यायासनावर होते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हिंदुस्थानचा १८७२ चा पुराव्याचा कायदा ज्यांनी तयार केला तेच हे. तो कायदा आपल्या न्यायालयांत २०२४ पर्यंत चालू होता. स्टीफनसाहेबांनी निर्णय दिला की प्रेत जाळणे, लोकांना उपद्रव होणार नाही अशा रीतीने केल्यास, गुन्हा नव्हे. प्राइस सुटले, आणि मार्च महिन्यात त्यांनी मुलाचे दहन पुरे केले. १९०२ साली ब्रिटनमध्ये दहनाचा कायदा झाला त्याची वाट या खटल्याने मोकळी केली. १८९३ साली प्राइस वारले तेव्हा त्यांच्या चितेपाशी सुमारे २०,००० लोक जमले होते. ड्रुइडांचा वारसा हा त्यांचा समज पोकळ असेल, पण बापाचा हक्क पोकळ नव्हता. आज त्या देशात जो कोणी आपल्या माणसाला अग्नी देतो, त्याच्यावर या विक्षिप्त म्हाताऱ्याचे ऋण आहे.

दुसरी गोष्ट १९१७ सालची. ट्राउस्व्हनिथ गावचा एक मेंढपाळ शेतकरी, एलिस हम्फ्री एव्हन्स, कविता करी. कवी म्हणून त्याचे नाव हेध विन. तो पलटणीत भरती झाला आणि त्या वर्षीच्या आइस्टेध्वॉदसाठी त्याने आपली कविता पाठवली. ६ सप्टेंबरला बर्कनहेड येथे समारंभ भरला. पंतप्रधान लॉइड जॉर्ज हजर होते. रिवाज असा की प्रथम आलेल्या कवीचे टोपणनाव पुकारायचे, त्याने उभे राहायचे, मग त्याला मानाच्या खुर्चीत बसवायचे. तलवार अर्धी उपसून प्रमुख ड्रुइड विचारतो, शांतता आहे ना? आणि सभा एकमुखाने उत्तर देते, शांतता आहे. त्या दिवशी नाव पुकारले, पुन्हा पुकारले, तिसऱ्यांदा पुकारले. कोणी उठले नाही. हेध विन ३१ जुलैलाच बेल्जियममध्ये लढाईत पडला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे वस्त्र घातले गेले. ती खुर्ची कोरली होती बेल्जियममधून परागंदा होऊन आलेल्या एका कारागिराने.

यातले जुने काय आणि बनावट काय? खुर्चीचा मान खरोखर जुना आहे. ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात राजा रीस याने कवी आणि वादक यांची स्पर्धा भरवून खुर्च्या बक्षीस दिल्याची नोंद आहे. तलवार, रिंगण, झगे, प्रमुख ड्रुइड, हा सगळा विस्तार योलोचा आणि त्याच्या मागून आलेल्यांचा. पण त्या सभेत जो हुंदका फुटला तो कोणाच्या बाडातून उतरलेला नव्हता. एका लहान भाषेच्या माणसांना आपला मेंढपाळ आपला म्हणून रडायला जागा हवी होती. ती जागा त्या रिंगणाने दिली. १९५० पासून राष्ट्रीय आइस्टेध्वॉद केवळ वेल्श भाषेतच चालतो. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे सुमारे ५,३८,००० निघाले. शेजारी इंग्रजीसारखा अजगर असताना एवढी भाषा शिल्लक राहिली, तिला या संमेलनाचाही टेकू आहे.

गोर्सेध ही कवींची आणि भाषेची सभा आहे, धर्मपंथ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २००२ साली कँटरबरीचे नियोजित आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी तिची दीक्षा घेतली तेव्हा वर्तमानपत्रांनी ओरड केली की धर्मगुरू ड्रुइड झाले! ते झाले होते आपल्या मातृभूमीच्या कवींचे सभासद. ज्यांना ड्रुइडविद्या हा धर्म वाटतो ती मंडळी वेगळी. रॉस निकल्स या लंडनच्या शिक्षकाने १९६४ साली त्यांची एक मोठी संघटना काढली. आठ सणांचे त्यांचे वर्षचक्र १९५० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. त्यातले नोव्हेंबरच्या आरंभीचे साउइन आणि आणखी तीन सण आयर्लंडच्या जुन्या परंपरेतले, बाकीचे चार सूर्याच्या गतीवर बसवलेले. २०१० साली इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने एका ड्रुइड संस्थेला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. आणि आज त्यांतले जाणते लोक मोकळेपणी सांगतात की आमचा धर्म नवा आहे, जुन्यांपासून आम्ही स्फूर्ती घेतली, वंशावळ नाही.

मला हे त्यांचे बोलणे फार मोलाचे वाटते. योलोला जे आयुष्यभर जमले नाही ते या माणसांनी केले. पहाटे उठून सूर्याला हात जोडायला तीन हजार वर्षांचा दाखला लागत नाही. झाड तोडू नये असे वाटायलाही लागत नाही. दाखला खोटा काढला की मात्र खऱ्या गोष्टीलाही कलंक लागतो, आणि तो धुण्यात पुढच्यांची आयुष्ये जातात.

दिवाळीत आपल्याही घरी पुष्कळ रीती चालतात. कोणती पणजीच्या काळची, कोणती आईने सुरू केलेली, कोणती शेजारणीकडून उचललेली. एखादे पोर विचारते, हे किती जुने? तेव्हा ‘फार फार पुरातन’ असे ठोकून देण्याचा मोह होतो. ‘तुझ्या आजीने सुरू केले’ एवढे खरे उत्तर दिले तर त्या पणतीचा उजेड काही कमी होत नाही.